तिसरा हात

खरसवाडीच्या पठारावर जमिनीखालच्या केबलला दुखलंखुपलं की ती आता स्वतःच सांगत असे. तिच्या अंगावर एक पातळ, जाणती कातडी चढवलेली होती. ताण बसो, ओल शिरो, उंदराचा दात लागो, कातडीला ते कळायचं. ती वार्ता संस्थेच्या यंत्रणेकडे जायची आणि यंत्रणा कामगाराच्या खांद्यावरच्या स्पीकरमधून बोलायची. कुठं दुखतंय, किती मीटरवर दुखतंय, सगळं. तिचं नाव 'जागल्या'. पूर्वी रात्रभर गावाची राखण करणारा माणूस असायचा, त्याच्यावरून ठेवलेलं. नाव मात्र झकास आहे, हे तिच्या विरोधकांनाही मान्य होतं.

विरोधक म्हणजे एकट्या सारिकाताई विरकर.

सारिकाताई पठार वीज सहकारी संस्थेत सव्वीस वर्षं केबल-परीक्षक होत्या. त्यांच्या कमरेला कायम एक हातात मावणारं यंत्र लटकलेलं असे. ते दोन कामं करायचं. केबलजवळ नेलं की तिच्यात वीज आहे की नाही ते सांगायचं. वीज नाही याची खात्री झाल्यावर त्याच्या चिमट्या केबलला लावल्या, तर ते तिच्यात एक बारीकसा ठोका सोडायचं. केबल जिथं तुटली असेल तिथून तो ठोका परत फिरायचा, आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर काढायचं. वैद्य मनगट धरतो तसं हे यंत्र केबल धरतं, म्हणून कामगार त्याला 'नाडी' म्हणत. कारखान्यानं दिलेलं नाव कधीच कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आणि आज त्या नाडीचा बहुधा शेवटचा दिवस होता.

पुण्याहून अन्वी केतकर आली होती. वय एकोणतीस, जागल्या ज्या गटानं घडवला त्यातली इंजिनिअर, हातात वेळ मोजायचं घड्याळ. राज्यभरात अशी चाळीस पठारं जागल्याच्या राखणीखाली होती. सगळीकडे एकच प्रश्न चर्चेला होता: केबल स्वतः बोलते आहे, तर माणसानं हातानं तपासायची गरज काय? त्यात दर वेळी अकरा मिनिटं जातात. अन्वीनं अहवालात 'गरज नाही' असं लिहिलं की पुढच्या महिन्यापासून नाडी कपाटात जाणार होती, आणि तिच्याबरोबर सारिकाताईंचे तीन हातही.

हे तीन हात म्हणजे सारिकाताईंची कामाची रीत. पहिला हात खातरीच्या वस्तूवर, दुसरा कामाच्या केबलवर, तिसरा परत खातरीच्या वस्तूवर. म्हणजे आधी नाडी अशा ठिकाणी लावायची जिथलं उत्तर आपल्याला पक्कं माहीत आहे. मग केबलला लावायची. आणि मग, नाडी मध्येच बिघडली तर नाही ना, हे पाहायला पुन्हा माहीत असलेल्या ठिकाणी. त्यांचा जोडीदार मुबारक शिकलगार केबलचे सांधे जोडण्यात हुशार होता आणि थट्टा करण्यात त्याहून. तो म्हणायचा, "ताई, भिंतीला रंग देताय का? तीन-तीन हात मारताय ते?"

ही रीत त्यांना हणमंत मिस्त्रींनी शिकवली होती. हणमंत मिस्त्रींच्या नाडीची तार एकदा गाडीच्या धक्क्यानं आतून तुटली. वीज असलेल्या केबलवरही ती गप्प राहिली. मिस्त्रींनी त्या गप्प राहण्यावर विश्वास ठेवला आणि उजवा हात कोपरापासून गमावला. नंतर ते डाव्या हातानं शिकवत राहिले. "माझा एक गेला," ते म्हणायचे, "म्हणून तुला तीन देतोय. सांभाळ." ही गोष्ट सारिकाताई कुणाला सांगत नसत, आणि तीन हात मारायला कधी चुकतही नसत.

त्या सकाळी मात्र पठारावर सगळे खुशीत होते. कालपर्यंत इंग्रजीत बोलणारा जागल्या आज पहाटेपासून मराठी बोलू लागला होता, आणि तो एकाच वेळी सगळ्या चाळीस पठारांवर. मुबारकनं चहा पिता पिता त्याच्याकडून स्वतःचं नाव चार वेळा वदवून घेतलं.

"तेवढं मातर बेस केलंत मॅडम," सारिकाताई अन्वीला म्हणाल्या. "येवडी वर्सं आमच्याच जमिनीतली केबल आमच्याशी परक्यावाणी बोलायची."

अन्वीचा चेहरा उजळला. मराठीसाठी ती दोन वर्षं वरिष्ठांशी भांडली होती. ती स्वतः मराठी शाळेत शिकलेली. जागल्याच्या तोंडी घातलेला एकेक शब्द तिनं शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातून पारखून उचलला होता. "एकसुद्धा शब्द मनानं नाही घातला, ताई," ती म्हणाली. "सगळे प्रमाण शब्द आहेत."

साडेअकराला जागल्या बोलला. आवाज स्वच्छ, बातम्या देणाऱ्यासारखा.

"चौदा क्रमांकाची पेटी ते डाळिंब शीतगृह. केबलमधील एक तार तुटल्याची शक्यता. अंतर तीनशे बारा मीटर. चौदा क्रमांक खुला केला आहे."

शीतगृहात आजूबाजूच्या तीस गावांची डाळिंबं ठेवलेली होती. बाहेर एप्रिलचं ऊन. आतला गारवा तीन-चार तास टिकला असता, त्यापुढे नाही. तिघंही जीपमध्ये बसली. शीतगृहाच्या व्यवस्थापकांचा फोन आलाच: त्यांनी आपल्या बाजूचा स्विच हातानं ओढून त्याला कुलूप घातलं होतं, आता लाइट कधी येणार तेवढं सांगा.

"चौदा खुला केलाय म्हनं," मुबारक गाडी चालवता चालवता पुटपुटला. "आता मानसं कामाला निगाली, आन् ह्यो पेटी खुली ठिवून बसलाय. जागल्या, चौदा बंद कर की बाबा."

"चौदा क्रमांक बंद करत आहे," जागल्या म्हणाला. आणि दोन सेकंदांनी, "चौदा क्रमांक बंद आहे."

"शाब्बास," मुबारक म्हणाला.

हे बोलणं जीपमधल्या तिघांनीही ऐकलं. त्यांतल्या एकालाही त्यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही. तुम्हालाही वाटलं नसेल.

चौदा क्रमांकाची पेटी रस्त्याकडेला एका बाभळीखाली होती. कपाटाएवढी, लोखंडी, जुनी. तिच्यातला स्विच सीलबंद डब्यात असल्यानं बाहेरून डोळ्यांना काही दिसत नसे. जागल्या आल्यावर त्या स्विचला फक्त एक मोटर बसवली होती. हातानं ओढायचा दांडा अजून बाजूला होता, पण तीन वर्षांत कुणी त्याला हात लावला नव्हता. मुबारकनं खालचं झाकण काढलं. आत केबलची तीन टोकं जाड रबरी टोप्या घालून उभी होती. कुठं आवाज नाही, ठिणगी नाही, काही नाही. बाभळीखाली पाच-सहा शेळ्या तेवढ्या चरत होत्या.

अन्वीनं घड्याळ सुरू केलं आणि जरा चाचरत म्हणाली, "सारिकाताई, एक विनंती आहे. आज नाडीशिवाय करून बघायचं का? अहवालासाठी नोंद हवी होती. जागल्यानं दोनदा खात्रीनं सांगितलंय, चौदा बंद आहे."

"अहवालात काय लिवायचं ते तुमी ठरवा," सारिकाताई म्हणाल्या. त्या आवाज न चढवता बोलत, पण त्यांच्या बोलण्यात वादाला जागा नसे. "आजच्या कामावर सही माझी हाय. आज तीन हात हुनार."

मुबारकचा फोन वाजला. पुन्हा शीतगृह. तो "आलू, पोचलू, झालंच" म्हणाला, आणि फोन ठेवता ठेवता त्यानं उजव्या हाताचा रबरी मोजा काढून काखेत धरला. टोपीच्या कडेचा स्क्रू बारीक होता, मोज्यातून चिमटीत येत नव्हता.

"मोजा घाल आदी," सारिकाताई पाठ न वळवता म्हणाल्या.

"घालतो वो. तुमची पूजा उरका तवर."

सारिकाताईंनी पायांखाली रबरी चटई अंथरली, स्वतःचे मोजे घातले, फुगवून त्यांना भोक नाही ना ते पाहिलं. नाडी लांब पिवळ्या दांडीच्या टोकावर बसवली. पिशवीतून दोन वस्तू निघाल्या. एक तंबाखूच्या डबीएवढी 'खातरीपेटी', तिचं बटण दाबलं की तिच्यात ठरावीक वीज तयार होते. दुसरा 'खातरीचा तुकडा', हातभर लांबीचा, कशालाच न जोडलेला केबलचा तुकडा, म्हणजे ज्यात वीज असणं शक्यच नाही.

पहिला हात. खातरीपेटीजवळ नेल्यावर नाडीनं शीळ घातली, लाल दिवा लागला. तुकड्याजवळ नेल्यावर ती गप्प झाली. नाडी ठीक होती.

दुसरा हात. दांडी लांब धरून त्यांनी नाडी केबलच्या पहिल्या टोकाजवळ नेली.

नाडीनं शीळ घातली. लाल दिवा.

सारिकाताईंनी दुसऱ्या टोकाजवळ नेली. शीळ. तिसऱ्या. शीळ.

"असं कसं?" अन्वी पुढं आली. "जागल्या, चौदा क्रमांकाची स्थिती सांग."

"चौदा क्रमांक बंद आहे."

"नक्की?"

"नक्की. चौदा क्रमांक अकरा वाजून एकेचाळीस मिनिटांपासून बंद आहे."

अन्वीनं सुटकेचा श्वास टाकला. "यंत्र जुनं झालंय, ताई. ऊनही किती आहे. वरच्या तारांची वीज पकडत असेल."

फोन पुन्हा वाजू लागला. या वेळी कुणी उचलला नाही. मुबारक पेटीशी वाकला. "नाडीचं डोकं फिरलंय उन्हानं," तो म्हणाला. "बंद हाय म्हंतोय नव्हं तो? मी बगतो." आणि त्याचा मोजा नसलेला उजवा हात टोपीकडे गेला.

"हात मागं!"

शेळ्यांनी माना वर केल्या. सव्वीस वर्षांत सारिकाताईंचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. मुबारकचा हात वीतभर अंतरावर थांबला, आणि तो दोन पावलं मागं सरकला तो तसाच, हात पुढं धरून.

"तिसरा हात ऱ्हायलाय," त्या म्हणाल्या. आता आवाज बारीक होता. एकीकडे चाळीस पठारांची यंत्रणा, पुण्याची मॅडम, जोडीदार, शीतगृह, सगळे होते. दुसरीकडे ही पेरूएवढी वस्तू. ती खोटी ठरली तर तिच्याबरोबर आपणही कपाटात जाणार, हे त्यांना कळत होतं.

त्यांनी नाडी तुकड्याजवळ नेली. गप्प. खातरीपेटीजवळ नेली. शीळ. पुन्हा तुकडा. गप्प.

"नाडी शानी हाय," सारिकाताई म्हणाल्या. "मग येडं कोन?"

त्या जरा वेळ पेटीकडे बघत उभ्या राहिल्या. मग मुबारकच्या खांद्यावरच्या स्पीकरकडे वळून, अडाणी माणसाला विचारावं तसं एकेक शब्द सुटा करत त्यांनी विचारलं, "जागल्या, पेटीचं ऱ्हाऊ दे. विजेचं सांग. ह्या केबलमदी आत्ता वीज हाय, का न्हाय?"

"आहे," जागल्या तितक्याच स्वच्छ आवाजात म्हणाला. "अकरा हजार व्होल्ट. चौदा क्रमांक बंद असल्यामुळे केबलला पुरवठा सुरू आहे."

मुबारकनं पुढं धरलेला हात पोटाशी ओढून घेतला.

अन्वीचे ओठ हलत होते, जणू ती काही आठवत होती. मग ती हळूहळू म्हणाली, "बंद परिपथातून वीज वाहते. खुल्या परिपथातून वाहत नाही." तिनं सारिकाताईंकडे पाहिलं. "पुस्तकातली ओळ आहे. शाळेत पाठ केली होती. परिपथ बंद म्हणजे वर्तुळ कुठंही तुटलेलं नाही, सगळं जोडलेलं आहे, म्हणून वीज फिरते. खुला म्हणजे मध्ये फट पडली, वीज थांबली. मी तोच शब्द घातला, ताई. बरोबर शब्द घातला."

"आन् घरी दिवा बंद कर म्हनलं की?" सारिकाताईंनी विचारलं.

"दिवा विझतो," अन्वी म्हणाली.

जागल्या खोटं बोलला नव्हता. केबल दुखावल्याबरोबर त्यानं वीज तोडली होती आणि तसं सांगितलंही होतं: चौदा खुला केला आहे. मुबारकनं स्वतःच्या तोंडानं त्याला 'बंद कर' म्हटलं आणि त्यानं मुकाट्यानं वीज पुन्हा सोडली. इंग्रजीत होता तेव्हा हे झालं नसतं, 'ओपन' आणि 'क्लोज' हे दोन परके शब्द कामगारांनी विजेच्याच अर्थानं पाठ केले होते. हा घोटाळा फक्त मराठीत होऊ शकत होता, आणि फक्त मराठी माणसांच्या हातून. त्या जागी तिघंही मराठी होती. एक नाडीच तेवढी मराठी जाणत नव्हती, हे थोर उपकार.

"म्हंजे मी सोडली वीज," मुबारक आपल्या उजव्या हाताकडे बघत म्हणाला. "माज्याच त्वांडानं." त्यानं काखेतला मोजा काढला आणि शांतपणे हातात चढवला. त्याला दोन मुली होत्या. त्यांची नावं तो मनातल्या मनात घेत असावा, कारण त्याचे डोळे भरून आले होते. सारिकाताईंना त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याला मिठी मारावी असंही वाटत होतं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी अन्वीच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोरी, रड नंतर. बाकीच्या येकुनचाळीस पठारांवर काय बोलतोय तुजा जागल्या?"

अन्वीनं फोन काढला. तिची बोटं दोनदा चुकली. मग तिनं पुण्याला एका दमात सांगितलं: मराठी आवाज आत्ताच्या आत्ता थांबवा, सगळीकडे, हो, जबाबदारी माझी, आणि पहाटेपासून कुणीकुणी 'बंद कर' म्हटलंय ते शोधून त्या प्रत्येकाला फोन करा, पेटीला हात लावू नका म्हणावं. फोन चालू ठेवून ती बाभळीला टेकून उभी राहिली. सात मिनिटांनी पलीकडून उत्तर आलं. ते ऐकून तिनं डोळे मिटले.

"सहा जणांनी म्हटलं होतं," ती म्हणाली. "त्यातला एक जण झाकण काढून बसला होता. नाडी गाडीतच होती त्याची. थांबवलाय."

मुबारकनं आभाळाकडे बघत हात जोडले. सारिकाताईंनी फक्त मान हलवली, आणि बाहीनं नाडीची काच पुसली.

"चला," त्या म्हणाल्या. "डाळिंबं वाट बगतायत. आता बोलायचं न्हाय, हातानं करायचं."

तीन वर्षांत न हललेला दांडा त्यांनी दोन्ही हातांनी खाली ओढला. आत खणकन आवाज झाला. दांड्याला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली, म्हणजे माणसानं किंवा जागल्यानं, कुणीही काहीही म्हटलं तरी स्विच जागचा हलणार नव्हता. मग पुन्हा तीन हात. खातरीपेटीवर शीळ, केबलवर गप्प, खातरीपेटीवर शीळ. अन्वी या वेळी घड्याळ बघत नव्हती.

"आता झालं?" तिनं विचारलं.

"न्हाय. केबलच्या पोटात उरलीसुरली वीज असती." सारिकाताईंनी जमिनीत पुरलेल्या पट्टीला जोडलेली तार दांडीनं तिन्ही टोकांना टेकवली. एका टोकाशी चट् असा आवाज झाला. अन्वी दचकली. "ही बग. मेली म्हनून सोडून दिलेली केबलसुदीक येक शेवटचा चावा घेती. चिमट्या लावायच्या त्या हिच्यानंतर."

चिमट्या लावायच्या आधी त्यांनी जीपमधलं केबलचं वेटोळं काढलं. बरोबर तीस मीटरचं. नाडीवर केबलची जात निवडून ठोका सोडला. आकडा आला तीस. "ठोका हरेक केबलीत सारक्या येगानं पळत न्हाय. जात चुकली की अंतर चुकलं. म्हनून हितंबी आदी खातरीचं." मग त्यांनी चिमट्या पेटीतल्या टोकांना लावल्या. दोन टोकांनी केबलची सगळी लांबी दाखवली. तिसऱ्यानं दाखवलं, तीनशे सत्तेचाळीस मीटर.

"जागल्या तीनशे बारा म्हणाला होता," अन्वी म्हणाली. आता तिच्या आवाजात वाद नव्हता, नुसतं कुतूहल होतं.

"तीनशे बारावर त्याची कातडी संपती. रस्ता रुंद केला तवा तितं जुन्या केबलचं ठिगळ जोडलंय. त्याला कातडी न्हाय. त्याला वाटलं, माजं अंग संपलं म्हंजे दुखनं हितंच असंल." त्या हसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच. "त्याचा दोस न्हाय. त्याला जेवडं कळतंय तेवडं तो सांगतोय."

तीनशे सत्तेचाळीस मीटरवर खणलं. हातभर बाजूलाही जावं लागलं नाही. ठिगळाचा सांधा खचलेल्या मुरुमानं ओढला जाऊन आतली एक तार सुटली होती. मुबारकनं तो सांधा असा जोडला की सारिकाताईंनीही दोनदा हात फिरवून पाहिला. सव्वातीनला कुलूप निघालं, दांडा वर गेला, शीतगृहातल्या माणसानं आपला स्विच चढवला. पलीकडून यंत्रांची घरघर फोनवर ऐकू आली आणि व्यवस्थापक ओरडले, "आलीऽ! आली बगा!" मुबारक रस्त्याच्या मधोमध नाचला. अन्वीही त्याच्याबरोबर नाचली, आणि मग बाभळीखाली बसून खूप रडली. सारिकाताईंनी तिला पाणी दिलं आणि रडू दिलं.

संध्याकाळी संस्थेच्या कचेरीत अन्वीनं अहवाल उघडला. 'गरज नाही' असं आधीच टाईप करून ठेवलेलं होतं. तिनं ते पुसलं.

"ताई, मराठी काढून टाकू का?" तिनं विचारलं. "इंग्रजीत धोका नव्हता."

"का म्हनून?" सारिकाताई जवळजवळ रागावल्या. "मराटीनं काय घोडं मारलंय? शबूद बदल. त्याला पेटीचं सांगायला लावू नगंस, विजेचं सांगायला लाव. वीज हाय, वीज न्हाय. वीज घाल, वीज काड. आन् कुनी बंद म्हनलं, तर त्यानं इचारावं. इचारायला काय लाज?"

अन्वीनं ते शब्द तसेच उतरवून घेतले, फक्त 'हाय'चं 'आहे' केलं. त्यावरून मुबारकनं तिची थट्टा केली आणि तिनं ती करू दिली.

वरिष्ठांच्या बैठकीत अर्थातच वाद झाला. शास्त्रीय शब्द सोडून बोलीचे शब्द घ्यायचे म्हणजे पुस्तकाचा अपमान, असं एक जण म्हणाला. अन्वीनं उत्तर द्यायच्या ऐवजी पिशवीतून एक रबरी मोजा काढून टेबलावर ठेवला आणि तो त्या दिवशी कुणाच्या काखेत होता ते सांगितलं. त्यानंतर वाद फार वेळ टिकला नाही.

दोन महिन्यांनी नवी नियमपुस्तिका आली. चाळीसही पठारांवर 'बंद' आणि 'खुला' हे शब्द जागल्याच्या तोंडून गेले होते. प्रत्येक गाडीत नाडी, आणि नाडीबरोबर एक खातरीपेटी आणि एक खातरीचा तुकडा. चौथ्या पानावर जाड अक्षरांत शीर्षक होतं: 'तीन हात'. सारिकाताई ते पान घेऊन हणमंत मिस्त्रींच्या घरी गेल्या. मिस्त्रींनी ते डाव्या हातात धरून, डोळ्यांजवळ नेऊन सबंध वाचलं. मग दुमडून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि परत काही केल्या दिलं नाही.

श्रावणात चौदा क्रमांकाच्या पेटीवर पुन्हा काम निघालं. साधंच, सांध्याची पाहणी. अन्वी मुद्दाम पुण्याहून आली होती. या वेळी तिच्या हातात घड्याळाऐवजी रबरी मोजे होते, आणि ते तिनं आल्या आल्या फुगवून पाहिले. मुबारकनं गाडीतून उतरता उतरता सवयीनं हाक दिली, "जागल्या, चौदा बंद कर."

"वीज काढू, की वीज घालू?" जागल्यानं विचारलं.

मुबारकनं कानाला हात लावले. "काड रं बाबा, काड."

"वीज काढली आहे. केबलमध्ये वीज नाही."

सारिकाताईंनी दांड्याला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली, चटई अंथरली, आणि दांडी अन्वीच्या हातात दिली. अन्वीनं नाडी खातरीपेटीजवळ नेली. शीळ. मग केबलच्या टोकाजवळ, एक, दोन, तीन. गप्प. शेळ्या जवळच चरत होत्या, या वेळी भरपूर हिरवं होतं. तेवढ्यात मुबारकच्या खांद्यावरून तोच स्वच्छ आवाज आला. आपलं सांगणं बरोबर होतं का हे विचारायची नवी सवय अन्वीनं त्याला लावली होती.

"ताई, मी बरोबर सांगितलं का?"

अन्वी उत्तर द्यायला गेली, आणि थबकली. तिनं सारिकाताईंकडे पाहिलं.

"थांब," अन्वी जागल्याला म्हणाली. "तिसरा हात राहिलाय अजून."